आईची एचसीव्ही टेस्ट पॉझिटिव्ह आली : सोफोस्बुविर + डॅक्लाटास्विर कोणी घेतलंय का?

रानजाई
नमस्कार मंडळी. आई साताऱ्याला असते, वय ६२. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्ततपासण्या केल्या, त्यात 'अँटी-एचसीव्ही रिअ‍ॅक्टिव्ह' आलं. म्हणजे हिपॅटायटिस सी ची शंका, लिव्हरचा विषाणूजन्य आजार. डोळ्यांच्या दवाखान्याने तारीख पुढे ढकलली आणि "आधी लिव्हरचं बघून या" एवढं सांगून वाटेला लावलं. तिला त्रास असा काहीच नाही. कावीळ कधी झाली नाही. थकवा असतो, पण तो ती वयाच्या नावावर खपवते.

दादाच्या वेळी, १९८७ साली, तिचं सिझेरियन झालं होतं आणि तेव्हा दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. तेवढं एकच कारण सुचतंय. दादा त्या हॉस्पिटलच्या नावाने बोटं मोडतोय. वहिनीने आईचं ताट-वाटी-भांडं वेगळं केलंय आणि आई निमूट वेगळी जेवतेय.

फॅमिली डॉक्टर म्हणाले, "याला इंजेक्शनं असतात, वर्षभर चालतात, लाखांत खर्च, या वयात झेपायचं नाही. राहू द्या." नेटवर मात्र १२ आठवड्यांच्या गोळ्यांचं (सोफोस्बुविर + डॅक्लाटास्विर) वाचलं. खरं काय? आणि बरा होतो म्हणजे पूर्ण बरा, की बीपीसारखं जन्मभर गोळी?

ताकभात
काळजी करू नका ताई, सगळं ठीक होईल. वाचत आहे.

डॉ_पारिजात
मी पोटविकारतज्ज्ञ आहे. पेशंट न बघता औषध लिहून देत नाही, पण एवढं तर नक्की सांगता येईल.

अँटी-एचसीव्ही म्हणजे शरीराने या विषाणूविरुद्ध कधीतरी प्रतिपिंडं तयार केली. विषाणू आज रक्तात आहे की नाही, ते ही टेस्ट सांगत नाही. त्यासाठी एचसीव्ही आरएनए करायची, ज्याला सगळे 'व्हायरल लोड' म्हणतात. ती पॉझिटिव्ह आली तरच पुढची गोष्ट.

आली तर बरा होतो, आणि पूर्ण बरा होतो. हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी यांत लोक गल्लत करतात. बी चा विषाणू आपला डीएनए पेशीच्या केंद्रकात ठेवून बसतो, म्हणून तो सहसा मुळासकट जात नाही, औषध वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. सी हा आरएनए विषाणू. केंद्रकात शिरत नाही, पेशीत लपायला त्याला कायमची जागा नाही. त्याची नक्कल होणं काही आठवडे पूर्ण थांबवलं की संपतो.

तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली इंजेक्शनं म्हणजे इंटरफेरॉन. ती खरीच होती, पण तो जमाना गेला.

आणि दादांना सांगा, त्या हॉस्पिटलवर राग काढून उपयोग नाही. हा विषाणू सापडलाच १९८९ मध्ये. १९८७ साली जगातली कुठलीही रक्तपेढी त्याची तपासणी करू शकत नव्हती. त्याला तेव्हा 'नॉन-ए नॉन-बी' म्हणायचे, म्हणजे ए नाही, बी नाही, काय ते माहीत नाही. ज्यांनी तो हुडकला त्या आल्टर, हौटन आणि राइस यांना २०२० चं नोबेल मिळालं. आपल्याकडे रक्तदात्यांची सी साठीची तपासणी सक्तीची झाली २००१ मध्ये. त्याआधी रक्त चढवलेल्या प्रत्येकाने ही टेस्ट एकदा करून घ्यावी, हे मी लग्नाकार्यातही सांगत फिरते.

यकृतदास
आयडी बघूनच कळलं असेल, हा माझा प्रांत.

मी २००९ मध्ये पेगिलेटेड इंटरफेरॉन आणि रिबाव्हिरिन घेतलंय. तेव्हाचं कॉम्बिनेशन ते. आठवड्याला एक इंजेक्शन पोटाच्या कातडीत, आणि रोज रिबाव्हिरिनच्या कॅप्सूल. इंजेक्शन फ्रिजमध्ये ठेवायचं, आणायचं तर थर्मासमध्ये बर्फ घालून. मी शुक्रवारी रात्री घ्यायचो, म्हणजे ताप, थंडी, अंगदुखी शनिवार-रविवारात उरकून सोमवारी ऑफिसला जाता यायचं. केस गळले, चव गेली, हिमोग्लोबिन आठवर आलं. पण सगळ्यात वाईट होतं ते मन. विनाकारण रडू यायचं, मुलांवर खेकसायचो. बायको आजही त्या सहा महिन्यांना 'तुमचं ते इंजेक्शनचं वर्ष' म्हणते.

आणि एवढं सोसून विषाणू गेला, अन् औषध थांबवल्यावर परत आला. माझा जीनोटाइप, म्हणजे विषाणूचा प्रकार, ३. पुढे लिव्हर सिरॉसिसपर्यंत (व्रणांनी कायमचं घट्ट होण्यापर्यंत) गेलं. २०१६ मध्ये सोफोस्बुविर-डॅक्लाटास्विर-रिबाव्हिरिन दिलं, सिरॉसिस असल्यामुळे २४ आठवडे. त्या वेळी गेला तो गेलाच.

रानजाई, तुमचे डॉक्टर खोटं बोलले नाहीत, ते माझ्या २००९ मध्ये अडकलेत. गॅस्ट्रोवाल्याला गाठा.

घरोघरी_आयुर्वेद
अ‍ॅलोपॅथीत यावर औषध नाहीच, फक्त दाबून ठेवतात. भुईआवळा, कुटकी, गुळवेल यांचा काढा सकाळी उपाशीपोटी सुरू करा. माझ्या मावसभावाची कावीळ पाच दिवसांत उतरली. साइड इफेक्ट शून्य.

औषधवाला
मावसभावाची कावीळ बहुतेक ए किंवा ई असणार, ती पाण्यातून होते आणि सहसा आपोआप बरी होते. काढा घ्या, ताक प्या, किंवा क्रिकेटची मॅच बघा, उतरतेच. सी तसा नाही. तो वर्षानुवर्षं चुपचाप बसून लिव्हर पोखरतो.

आणि 'साइड इफेक्ट शून्य'? कोविडच्या काळात लोकांनी गुळवेलीचा काढा महिनोन्‌महिने ढोसला, तेव्हा लिव्हरला इजा झालेल्या पेशंटांच्या केसेस मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापल्या. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद राहू द्या. पण ज्या बाईचं लिव्हर आधीच आजारी आहे, तिला उपाशीपोटी काढा पाजायचा प्रयोग कशाला?

घरोघरी_आयुर्वेद
तुमची दुकानं बंद पडतील म्हणून बोलताय.

औषधवाला
माझं दुकान आहेच, पण ही औषधं सिव्हिलमध्ये फुकट मिळतात. माझा धंदा कशात बुडतोय ते कळलं नाही.

डॉ_पारिजात
वाद इथेच थांबवू या. आयुर्वेदाशी भांडण नाही. भुईआवळ्याने सी चा आरएनए जातो, असं दाखवणारा विश्वासार्ह पुरावा नाही, एवढाच मुद्दा. आणि गोळ्या चालू असताना काढे, चूर्णं, 'लिव्हर टॉनिक' सगळं बंद. एसजीपीटी (लिव्हरला इजा झाल्याची रक्तातली खूण) वाढलं तर ते कशामुळे, हे आम्हालाच कळेनासं होतं.

अटलांटिकपार
न्यू जर्सीहून लिहितोय. सोफोस्बुविर डिसेंबर २०१३ मध्ये इथे मंजूर झालं. किंमत गोळीला १००० डॉलर. बारा आठवड्यांच्या ८४ गोळ्या, म्हणजे ८४,००० डॉलर, आणि सोबतचं दुसरं औषध वेगळं. माझ्या विमा कंपनीने लेखी कळवलं की लिव्हरचा फायब्रोसिस (व्रणांनी येणारा घट्टपणा) एफ-३ ला, म्हणजे सिरॉसिसच्या आधीच्या पायरीला, पोचला की अर्ज करा. म्हणजे आधी लिव्हर नासू द्या, मग बघू. अशी अट तेव्हा अनेकांना घातली गेली होती.

त्याच सुमारास भारतातून बातमी आली की हेच औषध तिथे जेनेरिक मिळतंय. २०१५ च्या दिवाळीत पुण्याला आलो, तिथल्या डॉक्टरांना दाखवलं, औषध सुरू केलं. अमेरिकेत पगार, अमेरिकेत विमा, आणि औषधासाठी लक्ष्मी रोडवर.

औषधवाला
त्यामागची हकिगत सांगतो, कारण ती आमच्या धंद्यातली आहे. मूळ कंपनी गिलियड. तिने सप्टेंबर २०१४ मध्ये सात भारतीय कंपन्यांना परवाने दिले, ९१ विकसनशील देशांत विकण्यासाठी. भारतात पेटंटवरून खेचाखेच सुरूच होती. जानेवारी २०१५ मध्ये आपल्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला, मे २०१६ मध्ये पेटंट दिलं. दरम्यान मार्च २०१५ मध्ये नॅटकोची बाटली आली, २८ गोळ्या १९,९०० रुपये. मग इतर कंपन्या उतरल्या आणि भाव घसरत गेला. कागदोपत्री एमआरपी आजही डोळे पांढरे करेल अशी असते, पण एमआरपीला कोणी घेत नाही. विकत घ्यायची वेळ आलीच तर दोन-चार ठिकाणी विचारा, बिल घ्या, बॅच नंबर बघा. बाटलीचं सील आणि आतली ओलावा शोषणारी पुडी जागेवर हवी. गोळ्या काढून त्या आठवड्याच्या प्लास्टिकच्या डब्यात भरू नका, पावसाळ्यात तर नाहीच.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. रिपोर्ट आले. आरएनए पॉझिटिव्ह, ४.६ लाख आययू. एसजीओटी ५४, एसजीपीटी ८१, प्लेटलेट्स १ लाख ६० हजार, बिलिरुबिन आणि अल्ब्युमिन नॉर्मल. हिपॅटायटिस बी निगेटिव्ह, एचआयव्ही निगेटिव्ह. सोनोग्राफीत 'लिव्हर किंचित खरखरीत' लिहिलंय, प्लीहा नॉर्मल. चार लाख साठ हजार हा आकडा वाचून आईने देवापुढे दिवा लावला.

चालू गोळ्या : मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, थायरॉइडची, अटोर्व्हास्टॅटिन, आणि सकाळी पॅन्टोप्राझोल.

डॉ_पारिजात
व्हायरल लोडचा आकडा मोठा म्हणून आजार मोठा, असं नसतं. हा विषाणू शरीरात रोज लाख कोटींच्या घरात नवे कण तयार करतो. लोड चार लाख काय नि चाळीस लाख काय, उपचार बहुधा तोच. बघायचं असतं लिव्हर किती घट्ट झालंय ते.

त्यासाठी साधं गणित आहे, फिब-४. वय गुणिले एसजीओटी, भागिले (प्लेटलेट्स हजारांत गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ). आईंचं : ६२ × ५४ = ३३४८. खाली १६० × ९ = १४४०. उत्तर २.३. हा आकडा १.४५ च्या खाली असला तर निश्चिंत, ३.२५ च्या वर गेला तर सिरॉसिसची शंका. आई मधल्या अंधारपट्ट्यात आहेत. म्हणून फायब्रोस्कॅन करून घ्या. सोनोग्राफीसारखंच असतं, बरगडीवर टकटक होते, दुखत नाही.

एवढा जीव का काढायचा, तर औषधाची जोडी त्यावर ठरते. आपल्या भागात जीनोटाइप ३ जास्त. त्यावरच्या अ‍ॅली-३ या अभ्यासात सोफोस्बुविर-डॅक्लाटास्विर १२ आठवडे दिलं, तर सिरॉसिस नसलेल्यांत ९६ टक्के बरे झाले, सिरॉसिस असलेल्यांत फक्त ६३ टक्के. तीच गोळी, तेवढेच आठवडे. म्हणून राष्ट्रीय कार्यक्रमात सिरॉसिस नसेल तर सोफोस्बुविर ४०० + डॅक्लाटास्विर ६०, असेल तर सोफोस्बुविर ४०० + वेल्पाटास्विर १००, आणि पोटात पाणी वगैरे होऊन लिव्हर ढासळलं असेल तर त्यात रिबाव्हिरिनची भर, किंवा रिबाव्हिरिन न घालता तेच २४ आठवडे. यातल्या शेवटच्या गटाला घरगुती सल्ला देऊच नये, थेट मोठ्या केंद्रात न्यावं.

बी निगेटिव्ह आहे हे बरं झालं. दोन्ही असतील तर सी जाता जाता बी उसळी मारतो, कधी जिवावर बेततं. म्हणून बी तपासल्याशिवाय या गोळ्या सुरू करायच्याच नाहीत.

मुळामुठा
एक भाबडा प्रश्न. दोन औषधं कशाला? एवढं भारी आहे तर एक पुरत नाही का?

डॉ_पारिजात
भाबडा नाही, मुद्द्याचा आहे. हा विषाणू नकला काढताना सतत चुका करतो, आणि त्या चुकांतूनच औषधाला दाद न देणारे वाण निघतात. नुसतं डॅक्लाटास्विर दिलं तर लोड झपाट्याने पडतो आणि काही दिवसांत प्रतिरोधी वाण वर येतात.

सोफोस्बुविर हे आरएनएच्या माळेत ओवला जाणारा खोटा मणी आहे. विषाणूच्या एनएस-५-बी एन्झाइमने तो ओवला की पुढचा मणी बसतच नाही. डॅक्लाटास्विर, वेल्पाटास्विर, लेडिपास्विर ही एनएस-५-ए या वेगळ्याच प्रथिनाला धरतात, ज्याच्यावाचून नकला काढायचं बिऱ्हाडच मांडता येत नाही. दोन्हींतून एकाच वेळी निसटेल असा वाण निपजणं फार अवघड. सोफोस्बुविरला प्रतिरोध व्यवहारात क्वचित दिसतो, म्हणून जवळजवळ प्रत्येक जोडीत ते असतंच.

औषधवाला
आता आईंच्या गोळ्या. पॅन्टोप्राझोल डॅक्लाटास्विरसोबत फारसं आडवं येत नाही. पण उद्या वेल्पाटास्विर दिलं तर येतं, कारण ते पोटातल्या आम्लाशिवाय नीट शोषलं जात नाही. अ‍ॅसिडिटीच्या गोळीचं अवश्य सांगा, लोक तिला औषधात धरतच नाहीत. अटोर्व्हास्टॅटिनची रक्तातली पातळी वाढू शकते, स्नायू दुखायला लागले तर कळवा. ग्लिमेपिराइडवर लक्ष : विषाणू उतरला की साखरही उतरते, मग जुन्याच डोसवर चक्कर येते. ग्लुकोमीटर घरी ठेवा.

ही यादी आईंना लागू नाही, पण इतर वाचणाऱ्यांसाठी : क्षयाचं रिफाम्पिसिन, फिट्सचं फेनिटॉइन किंवा कार्बामॅझेपिन चालू असेल तर ही जोडी निकामी होते. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडेरोन चालू असेल तर सोफोस्बुविरने नाडी धोकादायक मंदावू शकते. आणि रिबाव्हिरिन गर्भाला घातक. नवरा घेत असो की बायको, औषध संपल्यावरही किमान सहा महिने दिवस राहू द्यायचे नाहीत.

चिंचगुळ
भाऊ डायलिसिसवर आहे, त्यालाही सी निघालाय. सेंटरवाले म्हणतात किडनीवाल्यांना सोफोस्बुविर चालत नाही.

डॉ_पारिजात
आधी तसंच होतं. २०१९ मध्ये अमेरिकेत लेबल बदललं, आता डायलिसिसवरच्यांनाही देतात, मात्र नेफ्रॉलॉजिस्ट (किडनीतज्ज्ञ) आणि गॅस्ट्रो दोघांच्या नजरेखाली. थांबू नका. त्याच्या सेंटरमधल्या इतरांचीही तपासणी व्हायला हवी, हे तिथे ठणकावून सांगा.

रानजाई
फायब्रोस्कॅन ८.२ आला. डॉक्टर म्हणाले सिरॉसिस नाही, सोफोस्बुविर-डॅक्लाटास्विर १२ आठवडे. सिव्हिलला नाव नोंदवलंय.

यकृतदास
झकास. सिव्हिलचं ऐकून नाक मुरडणाऱ्यांसाठी : राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला. त्यात तपासणी, व्हायरल लोड, गोळ्या सगळं मोफत. आधार कार्ड आणि जुने रिपोर्ट सोबत न्या. बाटली महिन्याची एकेक मिळते, म्हणून शेवटच्या चार-पाच गोळ्या उरल्या की जाऊन या, संपल्यावर नको. रांग असते, डबा घेऊन जा.

पंजाबने हे देशाच्या आधी, २०१६ लाच केलं होतं. तिथे सी फार. जिल्ह्या-जिल्ह्यांतल्या सरकारी दवाखान्यांत साध्या फिजिशियननी या गोळ्या दिल्या आणि लोक बरे झाले. त्यावरून दिसलं की साध्या केसला सुपरस्पेशालिस्ट लागतोच असं नाही.

वहिनीच_बोलतेय
मीच ती ताट वेगळं करणारी. धाग्याची लिंक नणंदेनेच पाठवली. घरात दोन लहान मुलं आहेत, मला कोणी नीट सांगितलंच नव्हतं. लागण नेमकी कशाने होते?

डॉ_पारिजात
विचारलंत ते छान केलंत. रक्ताला रक्त लागल्याने. एकाच ताटात जेवण, पाणी, मिठी, खोकला, डास यांनी नाही. वेगळं ठेवायचं ते ब्लेड, नेलकटर, टूथब्रश आणि साखर तपासायची सुई. ग्लुकोमीटरची सुई घरात दोघांनी वापरलेली मी स्वतः पाहिली आहे, ती जास्त घातक. आजी नातवांना भरवू शकतात.

आणि रानजाई, तुम्ही दादांपेक्षा धाकट्या ना? म्हणजे रक्त चढवल्यानंतर जन्मलात. आईकडून बाळाला जायचं प्रमाण शंभरात पाचच्या आसपास असतं. तुमची टेस्ट करा. बाबांचीही.

रानजाई
हे डोक्यातच आलं नव्हतं. उद्याच करते.

रानजाई
दोघंही निगेटिव्ह. आईच्या गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या आठवड्यात डोकं दुखलं आणि झोप कमी लागली, बाकी काही नाही. औषधवाल्यांनी सांगितलं तसंच झालं, साखर उतरली म्हणून ग्लिमेपिराइड अर्धी केली. एक गोळी विसरली, संध्याकाळी आठवली तेव्हा फोनवर विचारून घेतली.

औषधवाला
त्याच दिवशी आठवलं तर घ्यायची, दुसऱ्या दिवशी दोन एकदम घ्यायच्या नाहीत. आणि "आता बरं वाटतंय" म्हणून तिसरी बाटली सोडणारे महाभाग असतात. संपवायचीच.

रानजाई
उशिरा कळवतेय. कोर्स संपला आणि त्यानंतर १२ आठवड्यांनी केलेली आरएनए 'नॉट डिटेक्टेड' आली. डॉक्टर म्हणाले, बरी झाली.

आता नवाच घोळ. डोळ्यांच्या दवाखान्याने परत अँटी-एचसीव्ही केली, परत रिअ‍ॅक्टिव्ह, आणि परत म्हणाले आधी उपचार घ्या!

डॉ_पारिजात
अभिनंदन!

प्रतिपिंडं बरं झाल्यावरही रक्तात राहतात, ती टेस्ट आयुष्यभर पॉझिटिव्हच येणार. आरएनएचा रिपोर्ट आणि उपचार पूर्ण झाल्याचा सिव्हिलचा कागद लॅमिनेट करा, फोटो मोबाइलमध्ये ठेवा. खरं तर आरएनए पॉझिटिव्ह असतानाही मोतीबिंदू अडवायचं कारण नव्हतं. निर्जंतुकीकरण प्रत्येक पेशंटसाठी सारखंच करायचं असतं. ऐकलं नाही तर दुसरीकडे करा.

ही प्रतिपिंडं संरक्षण देत नाहीत, पुन्हा लागण होऊ शकते, आणि लस अजून नाही. सिरॉसिस नसल्यामुळे आईंना आता सीसाठी वेगळ्या फेऱ्या नकोत. यकृतदासांसारख्यांनी मात्र दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवायची नाही, विषाणू गेला तरी कॅन्सरचा धोका उरतो.

यकृतदास
चुकवत नाही हो. बायको कॅलेंडरवर लाल गोल करते.

मुळामुठा
या धाग्यामुळे वडिलांची टेस्ट केली, १९९४ साली अपघातात रक्त चढवलं होतं. अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह, पण आरएनए 'नॉट डिटेक्टेड'. औषध तर कधीच घेतलं नाही. लॅबने घोटाळा केला का?

डॉ_पारिजात
नसावा. लागण झालेल्यांपैकी साधारण १५ ते ४५ टक्के लोकांचं शरीर सहा महिन्यांच्या आत स्वतःच विषाणू घालवतं. वडील त्यातले दिसतात. खात्रीसाठी तीन-सहा महिन्यांनी आरएनए एकदा परत करा. तेव्हाही नाही आला तर सीचा विषय संपला. कोणी "तरी खबरदारी म्हणून" गोळ्या लिहून दिल्या तर घेऊ नका.